‘भावनिक शिक्षा’ आणि रागावलेल्या बाई

मधलीसुट्टी
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांची आणि पालकांची प्रशिक्षणं घेते. विषय ‘सोशल इमोशनल लर्निंग’, म्हणजे स्वतःच्या भावना ओळखायला, आवरायला आणि दुसऱ्यांशी नीट वागायला शिकणं. बोलताना सगळे एसईएल म्हणतात. परवा हाती पडलेली पुस्तिका हिंदीवरून घाईघाईत मराठीत आणलेली होती. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत : ‘सामाजिक-भावनात्मक शिक्षा’. एका ताईंनी विचारलं, “म्हणजे मारायचं नाही, नुसतं बोलून शिक्षा करायची, असं का?” सगळे हसले, पण त्यांचं काय चुकलं? हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे छडी. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ तर शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, म्हणजे आमचं मुखपृष्ठच बेकायदेशीर झालं!
पुढची पालकसभा तोंडावर आली आहे. चांगला मराठी शब्द सुचवा. जमलं तर ‘एम्पथी’ (दुसऱ्याला काय वाटतंय ते त्याच्या जागी जाऊन जाणणं) आणि ‘सेल्फ-रेग्युलेशन’ (स्वतःच्या भावना आणि वागणं ताब्यात ठेवणं) यांनाही.

खडूफळा
रूढ शब्द ‘सामाजिक-भावनिक अध्ययन’. डीएडला आमच्याकडून घोटून घेतलं होतं : मूल शिकतं ते अध्ययन, आपण शिकवतो ते अध्यापन. ‘अध्ययन निष्पत्ती’ (मुलाला शेवटी काय यायला हवं ते) शिक्षकांच्या रोजच्या कागदांत असते, त्यामुळे त्यांना अडणार नाही. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘कॅसेल’ या संस्थेने याचे पाच भाग पाडले आहेत. माझ्या मराठीत : स्वतःला ओळखणं, स्वतःला आवरणं, दुसऱ्याला जाणणं, नाती सांभाळणं आणि जबाबदारीने ठरवणं.

जुना मास्तर
नवी बाटली! जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांत समानुभूती, भावनांना सामोरं जाणं, ताणाला सामोरं जाणं हे सगळं होतंच. आम्ही ‘जीवनकौशल्ये’ म्हणून प्रशिक्षणं केली, चहा-बिस्किटं खाल्ली, घरी गेलो.

ओवी
खडूफळा, शिक्षकांचं ठीक. पण माझ्या सासूबाईंना ‘अध्ययन’ म्हटलं की ज्ञानेश्वरीच आठवेल. आणि ‘भावनिक’ हा शब्द तर आपण जवळजवळ बिघडवून टाकलाय. ‘उगाच भावनिक होऊ नका’, ‘हा भावनिक मुद्दा आहे’ : दोन्हीकडे अर्थ एकच, डोकं बाजूला ठेवलेला. मुलाला भावनिक शिक्षण देणार म्हटल्यावर बापाला वाटणार, आधीच रडूबाई, त्यात हे आणखी हळवं करणार.
माझं मत ‘वळण’ला. मुलाला वळण लावणं, अक्षराला वळण असणं. घरातला शब्द आहे.

खडूफळा
‘वळण’ गोड आहे, पण ते लावणारा मोठा माणूस असतो. मूल तिथे फक्त वळतं. ‘संस्कार’ची तीच गत, शिवाय ‘संस्कार वर्ग’ म्हटलं की श्लोकांचं पाठांतर डोळ्यांसमोर येतं.

संधीसाधू
एम्पथीबद्दल थोडं व्याकरण. ‘सहानुभूती’ म्हणजे सह + अनुभूती, दुसऱ्याबरोबर अनुभवणं. फोड बघितली तर तो एम्पथीच्या अगदी शेजारी बसतो. वापरात मात्र ‘बिच्चारा’ आणि पाठीवर थोपटणं उरलं. म्हणून काही जण ‘सहअनुभूती’ लिहितात, म्हणजे त्याच शब्दाचा संधी सोडवून त्याला नवा म्हणायचं. हे मला पटत नाही. ‘समानुभूती’ (सम + अनुभूती) वेगळा आणि आता बऱ्यापैकी रुळलेला आहे, तो घ्या.
गंमत म्हणजे ‘एम्पथी’सुद्धा जुनापुराणा इंग्रजी शब्द नाही. जर्मन ‘आइनफ्यूलुंग’साठी टिचनर या मानसशास्त्रज्ञाने तो १९०९ मध्ये घडवला. तेव्हा आपण शब्द घडवताना लाजायचं कारण नाही.

कोकणकर
समानुभूती आमच्या वाडीत कोणी म्हणणार नाही. आम्ही म्हणतो, ‘त्याचं बघून आतडं तुटलं’, ‘जीव कळवळला’. नाहीतर सरळ ‘परदुःख शीतळ’ म्हणून मोकळे होतो. आणि ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ हेही आपणच म्हणतो. एम्पथी शिकवायला जाणाऱ्याने या दोन म्हणी आधी फळ्यावर लिहाव्यात आणि लोकांना भांडू द्यावं.

मधलीसुट्टी
हे नक्की वापरणार. सेल्फ-रेग्युलेशनचं काय? पुस्तिकेत ‘स्वनियमन’ आहे. वाहतूक शाखेतला वाटतो.

ओवी
नाम शोधूच नका, क्रियापदं बघा. राग आवरणं, गिळणं, दाबणं, धरणं, काढणं. पाचही वेगळी. गिळलेला राग आत राहतो, धरलेला दिवसेंदिवस टिकतो, काढलेला भलत्यावरच निघतो (साहेबांचा राग पोरावर). यांतलं ‘आवरणं’ तेवढं तुमच्या कामाचं, कारण आवरलेला पसारा नाहीसा होत नाही, जागच्या जागी लागतो. आपण मुलाला ‘गप्प बस’ म्हणतो तेव्हा आवरायला सांगत नसतो, गिळायला सांगत असतो.
मुलांसाठीही शब्दांचा तुटवडा नाही : रुसणं, फुरंगटणं, हिरमुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, कानकोंडं होणं, बावरणं. आनंदी, दुःखी, रागीट अशा तीन गोल चेहऱ्यांच्या तक्त्यात हिरमुसलेलं मूल कुठे बोट ठेवणार?

संधीसाधू
शिवाय मराठीत राग ‘येतो’. मी राग नसतो, मला येतो. आणि जातोही.

जुना मास्तर
येतो म्हणूनच पळवाट मिळते. “राग आला, म्हणून हाणलं.” आला तो राग, हाणला कोणी?

मधलीसुट्टी
मास्तर, यावरून दुसरीच्या वर्गातलं सांगते. मी मुलांना विचारलं, “बाईंना राग आलाय हे कसं कळतं?” एक मुलगी म्हणाली, “बाई रागावतात ना!” मी म्हटलं, “हो, पण राग आला की त्या काय करतात?” तिला प्रश्नच कळेना. “रागावतात!”
तेव्हा लक्षात आलं की ‘रागावणं’ म्हणजे राग येणंही आणि बोलणी देणंही. ‘आई मला रागावली’ यात भावना कुठे संपली आणि कृती कुठे सुरू झाली, हे भाषाच सांगत नाही. एसईएलच्या प्रशिक्षणात आम्ही अर्धा दिवस हेच समजावत असतो की भावना येणं वेगळं आणि त्यावर काय करायचं ते वेगळं.

खडूफळा
म्हणजे मराठी शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा पहिला तास या एकाच क्रियापदावर घेता येईल. दोन रकाने करा : ‘मला राग आला’ आणि ‘मी रागावले’. आजच्या दिवसातले प्रसंग दोन्हींत लिहायला लावा. मी वर्गशिक्षक म्हणून करून पाहिलं आत्ता. पहिला रकाना रिकामा, दुसऱ्यात सात.

कोकणकर
माझे उलटे. ‘माका राग इलो’ची यादी लांबलचक, रागवायची हिंमत कोणावर नाही.

ओवी
😄 मग सभेचं नाव काय ठरलं?

मधलीसुट्टी
कार्यालयाच्या कागदावर ‘सामाजिक-भावनिक अध्ययन : पालक उद्बोधन’ असंच जाईल, तिथे इलाज नाही. मुलांच्या वहीतून घरी जाणाऱ्या चिठ्ठीवर मात्र लिहिलंय : “राग सगळ्यांनाच येतो. मग काय करायचं? शनिवारी या, बोलू. आजी-आजोबांनाही आणा.” ‘उद्बोधन’वर नवी चर्चा काढू नका, हात जोडते.