आयएसओची फाईल झाली, पण माल परत यायचा थांबेना

कुपवाडकर:
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, दोन सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), अकरा माणसं, पंपाच्या बुशचं (शाफ्टभोवती बसणाऱ्या नळीचं) जॉबवर्क. कस्टमरने आयएसओ ९००१ (क्वालिटी सांभाळायच्या पद्धतीचं सर्टिफिकेट) मागितलं म्हणून कन्सल्टंट धरला, त्यानं जाडजूड मॅन्युअल करून दिलं, सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीशेजारी लावलं. आणि गेल्या महिन्यात २०० बुशचा अख्खा लॉट परत, का तर जुन्या रिव्हिजनच्या (बदल व्हायच्या आधीच्या) ड्रॉइंगवर काढला. ऑपरेटरला झापलं तर म्हणतो, मला दिलं ते मी काढलं. चुकलं कुठं मग? ही प्रोसेस अप्रोच भानगड आपल्याला लागते का खरंच?

सातारी_फिटर:
ऑपरेटरचं बरोबरय ओ. नवीन ड्रॉइंग कुणाच्या मेलवर आलं, प्रिंट कुणी काढली, मशीनवरची जुनी कुणी फाडली ते विचारा आधी. कुणाचंच काम नसणार ते. २००० सालच्या आवृत्तीपासून आयएसओ प्रोसेस अप्रोच म्हणून हेच सांगतंय की खातं-खातं सुटं बघू नका, ऑर्डर आल्यापासून माल पोचेपर्यंत कोण कुणाच्या हातात काय देतो ते बघा. आणि ते जाडजूड मॅन्युअल २०१५ च्या आवृत्तीत सक्तीचंही नाही, कन्सल्टंटनं सांगितलं नसेल.

मिरजेची_हळदवाली:
माझं हळद पॅकिंग आहे, लेथमधलं कळत नाही. पण तक्रार नाही म्हणजे गिऱ्हाईक खूश हे डोक्यातून काढा. आमच्या तीन दुकानदारांनी गुपचूप माल घेणं बंद केलं, फोन करून खोदून विचारलं तेव्हा कळलं की पाकिटाचं सील सुटून हळद पोत्यात सांडत होती, आणि ते बिचारे भिडेपोटी बोलले नाहीत. आता रोज सकाळी सीलिंग मशीनचं टेंपरेचर वहीत लिहितो, पहिली पाच पाकिटं दाबून बघतो, मगच पुढं.

कुपवाडकर:
ताई, दादा, आज बसून सगळा माग काढला. मेल भाच्याच्या मोबाईलवर आलेला, तो जतला लग्नाला गेलेला, आल्यावर त्यानं वाचला आणि राहिलं. आता मेल ऑफिसच्या आयडीवरच घेणार, जॉब कार्डावर (कामासोबत मशीनवर जाणाऱ्या कागदावर) रिव्हिजन नंबर टाकायचा आणि पहिला पीस नव्या प्रिंटशी ताडल्याशिवाय लॉट चालू नाही. जुनी प्रिंट कुठं सापडली माहितीय? टूल ट्रॉलीच्या झाकणाला आतून चिकटवलेली, वर तेलाचे बोटांचे ठसे. दुसऱ्या मशीनवर पण तीच निघाली.