खाडीतल्या 16 फुटी होडीला इलेक्ट्रिक आऊटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून लावायची मोटर), कुठली घेऊ?

कर्लीकाठ:
नमस्कार मंडळी. आमची 16 फुटी फायबरची होडी आहे, मालवणजवळ कर्ली खाडीत देवबागच्या आतल्या बाजूला मासेमारी करतो, मी आणि काका दोघंच, जाळी नी बर्फाचा डबा धरून वजन बऱ्यापैकी होतं. सध्या जुनं 8 एचपीचं पेट्रोल मशीन आहे, चालतं, पण पेट्रोल शंभराच्या वर गेल्यापासून तांबोशी लागली नाही त्या दिवशी खिशातूनच जातात. एक दुकानदार म्हणतो 55 पाउंडाची ट्रोलिंग मोटर (होडी हळू चालवायची छोटी बॅटरीवरची मोटर) घे आणि घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी लाव, झालं काम. दुसरा थेट 3 किलोवॅट 48 व्होल्टचं सांगतो, त्याचा आकडा ऐकून काका उठूनच गेले. दीड लाखापर्यंत ओढाताण करून जमवीन. जाऊन येऊन 7 किमी होतात. नेमकं काय बघून घ्यायचं?

वाइंडिंगवाला:
पाउंड म्हणजे मोटर किती जोरात ढकलते ते, त्यावरून एचपी कळत नाही. वॅट बघ. 55 पाउंडवाली 12 व्होल्टवर फुल मारली की साधारण 50 अँपियर खाते, म्हणजे 600 वॅट, आणि 1 एचपी म्हणजे 746 वॅट, तेव्हा ती एक एचपीसुद्धा नाही. आता इन्व्हर्टरच्या लेड बॅटरीचं. तिच्यावर 100 एएच (अँपियर-अवर, म्हणजे साठा) लिहिलेलं असतं ते 20 तासांत हळूहळू काढली तर, 50 अँपियरने ओढलीस तर तेवढं देतच नाही, वर अर्ध्याच्या खाली नेलीस की आयुष्य संपलं तिचं. पाऊण तास चालली तर नशीब. आणि वजन तीसेक किलो. तेवढ्याच एएचची 12 व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण 1280 वॅट-अवर देते, खाली 20 टक्के राखलेस तरी 600 वॅटने दीड तासाच्या वर जाते, वजन निम्म्याहून कमी.

पण खरी मेख वेगात आहे. तुझी होडी पाण्यात 15 फूट बसत असेल तर ताशी साडेनऊ किमीच्या आसपास तिची मर्यादा येते, त्यापुढे नुसती लाट ढकलत बसते. आणि मर्यादेच्या आतसुद्धा वेग दुप्पट करायला ताकद जवळजवळ आठपट लागते. पेट्रोल मशीनला हे आपण कधी मोजलं नाही, टाकीत ओतत गेलो. 5-6 च्या वेगाने जायची तयारी असेल तर 1 किलोवॅटची मोटर बस, कंपन्या तिला 3 एचपीच्या बरोबरीची म्हणतात. पैसे बॅटरीत घाल. 24 व्होल्ट 100 एएच घेतलीस तर अडीच युनिटाचा साठा झाला, वरून 1 किलोवॅटला 42 अँपियरच लागतात, 12 व्होल्टवर 83 लागले असते नी वायरी तापल्या असत्या. दोन 12 च्या सिरीजमध्ये जोडणार असशील तर बीएमएस (बॅटरीतलं तिला सांभाळणारं सर्किट) सिरीजला चालतो का ते लेखी विचार.

वेंगुर्ल्याचो:
गाववाल्या, हिसाब बरोबर, पण तो साठलेल्या पाण्याचो. ओहोटीक कर्लीचा पाणी कसा ओढता ता तुका सांगूक नको.

बाकीच्यांसाठी नीट लिहितो. पाणी 2 नॉटने (1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी) बाहेर ओढतंय आणि तुझी मोटर 3 नॉट देते, तर तू 1 नॉटनेच घरी चाललास, 2 किमी यायला तासाच्या वर गेला आणि मोटर तेवढा वेळ बॅटरी खातेय. त्यात वरून वारा लागला तर बघायलाच नको. म्हणून जुनं मशीन विकू नकोस, खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या बाजूला जायचं असेल त्या दिवशी तेच लाव. आत खाडीत इलेक्ट्रिक. आणि वल्ही होडीतच हवीत, कोणी कितीही हसू देत.

दुसरं, ट्रोलिंग मोटर घ्यायचीच झाली तर खाऱ्या पाण्याची घे, मिन कोटाचीच बघ, एन्ड्युरा गोड्या पाण्यासाठी आणि रिपटाइड खाऱ्यासाठी, दिसायला सारखी वाटते म्हणून स्वस्तातली उचलू नको. झिंक (मोटर गंजू नये म्हणून लावलेला धातूचा तुकडा) झिजलं की बदलायचं, रोज गोड्या पाण्याने धुवायची. आणि परवान्यात होडी कशी नोंदली आहे ते मत्स्य खात्यात विचारून घे, 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत नंतर कटकट नको.

भिगवणकर:
आम्ही उजनीच्या बॅकवॉटरला, आमच्याकडे ओहोटी नाही पण शेवाळ नी तुटकी जाळी भरपूर. एक सांगतो, ही मोटर आवाज करत नाही हा जसा फायदा (फ्लेमिंगो बघायला येणारी मंडळी त्यावरच खूष) तसाच धोकापण आहे, कारण पेट्रोल मशीन चालू आहे हे कानाला कळतं, ही उभ्या होडीत चालू आहे का बंद ते कळत नाही. पंख्यात जाळं अडकलं की आधी मॅग्नेटची चावी (ती काढली की मोटर बंद) काढायची आणि मगच हात घालायचा, काकांना हे दहादा सांग. चावी मनगटाला बांधायची.

बॅटरी मोटरवरच बसणारी असली तर रोज काढून घरी नेता येते, जेट्टीवर प्लग शोधत बसावं लागत नाही. ईप्रोपल्शनची स्पिरिट, टॉर्कीडोची ट्रॅव्हल ही त्यातली. पण अशा मोटरची बॅटरी गेली की त्याच कंपनीची घ्यावी लागते, आणि पार्टला किती दिवस लागतात ते घेण्याआधीच विचारायचं.

कर्लीकाठ:
लय भारी माहिती दिलीत राव. आज मोबाईलवर जीपीएस लावून गेलो, काकांना सांगितलं मशीन मंद ठेवा, पाण्याबरोबर ताशी 8 किमी दाखवतंय आणि येताना त्याच आवाजात 4 च्या खाली. म्हणजे वेंगुर्लेकर बोलले तसंच. 1 किलोवॅट आणि वेगळी 24 व्होल्टची बॅटरी ह्यावर मन बसतंय, मशीन ठेवणारच. शाफ्ट (मोटरीची पाण्यात जाणारी दांडी) 15 इंची घेऊ की 20?

वाइंडिंगवाला:
मागच्या फळीच्या वरच्या काठापासून खाली बुडापर्यंत टेप लाव, 15 च्या आसपास आलं तर शॉर्ट, 20 आलं तर लाँग. मधलं आलं तर लाँगच, पंखा वर राहिला की हवा ओढतो नी नुसता फिरतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि चार्जर लिथियमचाच, इन्व्हर्टरवाला लावू नको.

कर्लीकाठ:
टेप लावला, 17 भरतंय, म्हणजे लाँग. दोन्ही दुकानदारांना फोन केला, म्हटलं पुनवेच्या उधाणाला ओहोटी लागली की होडीला लावून दाखवा, मग पैसे. एक तयार झालाय, दुसरा म्हणतो व्हिडिओ पाठवतो.