मदत हवी आहे: ५४ लिटरच्या टाकीत गप्पींसोबत तळाचे कोणते मासे ठेवावेत?

माझी टाकी ६० × ३० × ३० सेंटीमीटरची, म्हणजे ५४ लिटरची असून वाळू आणि दगड वजा जाता पंचेचाळीसेक लिटर पाणी राहते. ती चार महिन्यांपासून सुरू आहे, स्पंज फिल्टर अखंड चालतो, दर आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलतो आणि अमोनिया व नायट्राइटची चाचणी शून्य दाखवते. खरी अडचण पाण्याची आहे. आमच्याकडे फक्त बोअरचे, जड (क्षार जास्त असलेले) पाणी येते. त्याचा पीएच ७.८ आहे आणि दर वेळी आरओचे पाणी मिसळणे मला शक्य नाही. उन्हाळ्यात टाकीचे तापमान ३० अंशांवर जाते.

सध्या सहा नर गप्पी आहेत. सोबत ठेवलेल्या फायटर माशाने दुसऱ्याच दिवशी एका गप्पीची शेपटी जवळजवळ अर्धी कुरतडली, म्हणून फायटरला वेगळे केले. टायगर बार्बलाही शेपट्या कुरतडण्याची खोड असल्याने तो नको. दुकानदाराने सुचवलेला सकर मासा फूटभर वाढतो, आणि निऑन टेट्रा मुळात मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. त्याला बोअरच्या पाण्यात ढकलणे मला पटत नाही.

तळाशी पडलेले खाद्य वाया जाते, म्हणून ब्राँझ कोरीडोरास या तळाशी राहणाऱ्या, मिशा असलेल्या छोट्या माशांचा विचार करतो आहे. वाळू बारीक आहे, त्यामुळे त्यांच्या मिशा घासल्या जाणार नाहीत. मात्र ते थव्याने राहणारे असल्याने किमान सहा आणावे लागतील. अशाच जड पाण्यात आणि उन्हाळ्यात ज्यांनी कोरीडोरास वर्षभर तरी सांभाळले आहेत त्यांनी कृपया सांगावे: या टाकीत सहा गप्पींसोबत सहा कोरीडोरास निभावतील का, की त्यांच्याऐवजी तळाचा दुसरा कोणता मासा निवडावा?