मदत हवी आहे : बिल्डच्या मार्गदर्शिकेतील कमांड तपासता येतात, पण स्पष्टीकरण कसे तपासावे?

सर्वांना नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी उत्पादनाच्या नोंदी ठेवणारे जावा सॉफ्टवेअर आमचा छोटा गट तयार करतो. बिल्डसाठी, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी, आम्ही ग्रेडल हे साधन वापरतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी बिल्डची मार्गदर्शिका मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत ठेवली आहे.

ती जुनी झाल्याचे आतल्या माणसांच्या लक्षातच येत नाही, ही खरी अडचण आहे. जेसेंटर हे जावा लायब्ररींचे ऑनलाइन भांडार बंद झाले आणि ऑगस्ट २०२४ पासून तिकडे जाणाऱ्या मागण्या मेवन सेंट्रल या दुसऱ्या भांडाराकडे वळवल्या जातात. तरीही ज्यांच्या संगणकावर तिथे नसलेल्या जुन्या लायब्ररी कॅशेमध्ये (आधी उतरवलेल्या प्रतींच्या साठ्यात) आहेत, त्यांचा बिल्ड बिनबोभाट होतो आणि तीच कृती करणारा नवा माणूस मात्र कोऱ्या लॅपटॉपवर अडतो. म्हणून मार्गदर्शिकेतील सर्व कमांड आता रोज रात्री सीआयवर (बिल्ड व चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर), रिकाम्या कंटेनरमध्ये, म्हणजे आधीचे काहीच साठलेले नसलेल्या वातावरणात, चालवल्या जातात. ग्रेडलची आवृत्ती मजकुरात न लिहिता रॅपर (प्रकल्पात ठरवलेली आवृत्ती आपोआप आणणारी छोटी स्क्रिप्ट) वापरायला सांगितले आहे. एवढ्याने पुष्कळ चुका पकडल्या जातात.

स्पष्टीकरणाच्या परिच्छेदांना मात्र अशी कोणतीच चाचणी लागू पडत नाही. ग्रेडल ७.० मध्ये, म्हणजे २०२१ साली, 'कंपाइल' हे कॉन्फिगरेशन (लायब्ररी कशासाठी जोडली आहे ते सांगणारा गट) काढून टाकण्यात आले, तेव्हा उदाहरणांत त्या जागी 'इम्प्लिमेंटेशन' आले. पण "येथे जोडलेली लायब्ररी या मॉड्यूलवर अवलंबून असलेल्या मॉड्यूलनाही कंपाइल करताना मिळते" हे वाक्य खाली तसेच राहिले. जुन्या कॉन्फिगरेशनच्या बाबतीत ते खरे होते. आता त्यासाठी 'जावा-लायब्ररी' प्लगिनमधील 'एपीआय' वापरावे लागते. उदाहरण अचूक चालत होते, त्यामुळे सीआयला काहीच खटकले नाही. पुढे मराठी मजकूर सुधारला, तरी कन्नड मजकूर मागेच राहिला.

बिल्ड फाइल बदलली आणि मार्गदर्शिका बदलली नाही, तर पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) अडवावी, असा एक विचार आहे. परंतु त्यामुळे नाममात्र बदल करून वाट काढली जाईल, अशी मला भीती वाटते. त्याऐवजी स्पष्टीकरण बिल्ड फाइलमध्येच त्या त्या ओळीशेजारी टिप्पणी म्हणून लिहून मार्गदर्शिका त्यातूनच तयार करावी, असे मला अधिक योग्य वाटते. मात्र दोन भाषांतील टिप्पण्यांनी फाइल वाचणेच कठीण होईल का? दीर्घकाळ चाललेल्या प्रकल्पात ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कोणती पद्धत टिकली आणि दुसऱ्या भाषेतील मजकूर मागे राहिल्याचे कसे ओळखले, हे कृपया सविस्तर सांगावे.