मदत हवी आहे: ब्रँडीवाईन धबधबा आणि जुन्या गिरणीची जागा, बाबांना घेऊन जायचंय (ओहायो)

नमस्कार मंडळी,

आम्ही अ‍ॅक्रनला राहतो. सप्टेंबरअखेर आई-बाबा दीड महिन्यासाठी येतायत. बाबा ७४ वर्षांचे आहेत, उजव्या गुडघ्याची वाटी बदललीय. सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालतात, पायऱ्या उतरताना मात्र कठडा धरावा लागतो.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात बाबांनी ३१ वर्षं पिठाची गिरणी चालवली. आधी डिझेल इंजिनावर, मग मोटर आली. वरचा दगड उलटा करून, गोणपाटावर बसून ते छिन्नीनं त्याला टाकी लावायचे, म्हणजे झिजलेल्या खाचा पुन्हा कोरायचे. भुवया पिठानं पांढऱ्या, चष्म्यावर दगडाची कच. टाकी नीट लागली नसेल तर पीठ गरम उतरतं, ज्वारीची विरी (पिठाचा चिकटपणा) जाते आणि भाकरी थापतानाच चिरते, हे मला अक्षरओळखीच्या आधी माहीत होतं. गिरणी विकून आता ९ वर्षं झाली. त्यानंतर बाबा फारसे कुठे रमलेले मी पाहिले नाहीत.

म्हणून त्यांना कायहोगा व्हॅली राष्ट्रीय उद्यानातला ब्रँडीवाईन धबधबा दाखवायचाय. ६० फूट उंच, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानानं लहानच. पण जॉर्ज वॉलेस नावाच्या माणसानं १८१४ मध्ये या पाण्यावर लाकूड कापायची गिरणी उभी केली, मागोमाग पिठाची आणि लोकरीची गिरणी आली, आणि त्यांच्याभोवती एक गाव वसलं. आज ते गाव नाही.

मार्चमध्ये मी आणि बायको जाऊन आलो. बर्फ वितळत होता, पाण्याला जोर होता. लाकडी पायवाटेवरून जाताना धबधब्याच्या माथ्याजवळ जुन्या बांधकामाचा पाया दिसला. मी हात लावून उभा राहिलो, पण हीच ती पिठाची गिरणी का, ते कळेना. बाबा पहिला प्रश्न हाच विचारणार.

तर जाणकारांनी सांगावं: तो पाया कशाचा? पायऱ्या न उतरता बाबांना धबधबा नीट दिसेल का? आणि ऑक्टोबरमध्ये पाणी असतं का?

प्रतिसाद १

मी क्लीव्हलंडला राहते, सासूबाईंना दोनदा नेलंय. वरच्या सज्जापर्यंत लाकडी वाट आहे, तिथून धबधबा चांगला दिसतो. पायऱ्या लागतात त्या खालच्या सज्जाला, तिथे बाबांना नेऊ नका. तुषारांनी फळ्या ओल्या असतात आणि ऑक्टोबरात वर पानं पडलेली असतात, त्यामुळे पाय सटकतो. दरीत उतरणारी सुमारे दीड मैलाची वाटही त्यांच्यासाठी नाही. प्रवेश फुकट आहे. शनिवार-रविवार टाळा, पार्किंग लवकर भरतं. मधल्या वारी सकाळी नऊला पोचलात तर शांतपणे उभं राहता येतं.

पाणी पावसावर अवलंबून. दोन दिवस पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी जा. आणि पाणी कमी असलं तरी हिरमुसू नका, तेव्हा खडक दिसतो. माथ्यावर कठीण बेरिया वालुकाश्म आणि खाली ३५ ते ४० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाच्या चिखलाचा मऊ शेल, म्हणजे पापुद्र्यांचा खडक. त्या शेलच्या पातळ पातळ पायऱ्यांवरून पाणी उतरतं, म्हणून ते जाळीदार ओढणीसारखं पसरतं.

प्रतिसाद २

पायाबद्दल सांगतो, कारण बाबांना चुकीचं सांगितलं जाऊ नये असं मनापासून वाटतं. तो पिठाच्या गिरणीचा नाही. १९२० च्या सुमारास तिथे चँपियन इलेक्ट्रिक नावाचा विजेच्या उपकरणांचा छोटा कारखाना होता. १९३७ मध्ये वीज पडून तो जळाला, त्याचे हे अवशेष. गिरण्यांच्या काळातलं ठसठशीत उरलंय ते वॉलेस कुटुंबाचं १८४८ चं घर, धबधब्यापासून अगदी जवळ. ते बाहेरून नक्की दाखवा.

पण खरं सांगू? ज्या माणसानं ३१ वर्षं दगडाला टाकी लावली, त्याला नुसत्या पायावर समाधान वाटणार नाही. त्यांना यंगस्टाउनला मिल क्रीक पार्कमध्ये न्या. तिथे १८४५-४६ मध्ये बांधलेली लँटरमनची गिरणी आहे, आणि तीही एका लहानशा धबधब्याच्या काठावरच. १८८८ मध्ये बंद पडली होती, १९८० च्या दशकात तिची डागडुजी झाली. आता पाणचक्की फिरते, दगड फिरतात, मका आणि गहू दळतात. अ‍ॅक्रनहून साधारण तासाभराचा रस्ता. दळण कधी चालू असतं ते आधी फोन करून विचारा, दगड थांबलेले असताना जाऊ नका.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. पायाबद्दल वेळेत कळलं, नाहीतर मी बाबांना भलतंच सांगून बसलो असतो.

काल रात्री बाबांना फोनवर लँटरमनच्या गिरणीचं सांगितलं. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "पाण्यावर चालते, तर थंडीत पाणी गोठलं की दळण कुठं न्यायचे लोक?" त्यानंतर, "दगड केवढ्या व्यासाचा? टाकी कोण लावतं?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. आई मागून सांगत होती की फोन ठेवल्यावर ते माळ्यावरून हत्यारांची पिशवी काढायला निघालेत.

आता त्यांना आपली छिन्नी तिथल्या गिरणीवाल्याला दाखवायला आणायचीय. वीतभर लांब, पोलादी, टोकाला धार. विमानात चालेल का?

प्रतिसाद १

हातातल्या बॅगेत अजिबात ठेवू नका, चेक-इनच्या सामानात चालते. धारेला जाड कापड गुंडाळून वर दोरी बांधायला सांगा, म्हणजे बॅग उघडून पाहणाऱ्याच्या हाताला लागणार नाही. आणि जाऊन आल्यावर इथे लिहा, टाकी कोण लावतं ते मलाही ऐकायचंय.