सुझुकाला एनएसएक्सचं बूड सुटतं, गणपतीच्या आत उपाय हवा

भाट्याचा_वारा

मंडळी, गणपतीला बावीस दिवस उरलेत आणि माझी अब्रू टांगणीला आहे, म्हणून एवढं लांबण लावतोय.

दरवर्षी मुंबईहून काकाचा मुलगा येतो. रात्री आरत्या, भजन आटपलं, म्हातारी माणसं पडली की माजघरात टीव्ही लावून आमचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम, ग्रॅन टुरिस्मो ७, सुरू. नियम ठरलेले आहेत. ट्रॅक जपानचा सुझुका, गाडी १९९२ ची होंडा एनएसएक्स टाइप आर, टायर स्पोर्ट्स हार्ड. इंजिनाला हात लावायचा नाही, सस्पेन्शन आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) यांचं काय वाटेल ते करा. हरेल त्याने दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याचे नारळ सोलायचे, फोडायचे, खवायचे. गेल्या वर्षी मी चार सेकंदांनी हरलो. आमच्याकडे गणपती पाच दिवस असतो. घरात माणसं सत्तावीस. हिशेब तुम्ही करा.

आता दुखणं सांगतो. सुझुकाच्या डेग्नर नावाच्या जोडवळणातल्या पहिल्या उजव्या वळणात शिरताना जरा वेग जास्त वाटला की मी ॲक्सिलरेटर सोडतो. सोडला रे सोडला की गाडीचं बूड पुढे यायला निघतं. ब्रेकला बोट लावलेलं नसतं हो, नुसता सोडायचा अवकाश. उलटं स्टिअरिंग मारेपर्यंत मी वाळूत. पुढे स्पून वळणाला तेच, फक्त डाव्या बाजूने. १३०आर या वळणाला तर देवाचं नाव घेऊन जातो. आणि सरळ रस्त्यावरही गाडी किंचित डावीकडे ओढते, म्हणजे अलाइनमेंटही कुठेतरी बिघडवून ठेवलीय मी.

काय काय केलंय तेही सांगतो. एका व्हिडिओत बघून स्प्रिंगा स्लायडर जाईल तिथवर कडक केल्या. गाडी जमिनीला टेकेल एवढी खाली. अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारे दांडे) पुढे ३, मागे १०. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतल्या बाजूला कल, चारही चाकांना ४. मागच्या चाकांना टो-आउट, म्हणजे तोंडं जरा बाहेरच्या बाजूला, का तर गाडी चपळ होते म्हणे. डिफरन्शियलचे तिन्ही आकडे ५ वर. एवढा उपद्व्याप करून माझी लॅप २ मिनिटं ३१ सेकंद. आणि काही न केलेल्या गाडीत? २ मिनिटं ३०.

गेमचं मशीन पीएस४ आहे, साधा कंट्रोलर, स्टिअरिंग व्हील नाही. ट्रॅक्शन कंट्रोल १, एबीएस डिफॉल्ट. पाऊस लागला की आमच्याकडे नेट जातं, आणि नेट नसेल तर हा गेम फारसं काही करू देत नाही, त्यामुळे सरावही तुटक तुटक. नेमका कुठला आकडा चुकलाय?

रात्रीचा_टर्बो

ट्रॅक्शन कंट्रोल ५ कर. विषय संपला. नाहीतर भावाला सांग गाडी बदलूया, जीटी-आर घ्या, चारही चाकं ओढतात, आंधळासुद्धा चालवेल.

शटर_अर्धं

ट्रॅक्शन कंट्रोलने काय्येक होणार नाय. तो फक्त चाक जोरात फिरून घसरायला लागलं की ताकद कापतो. ह्याने तर ॲक्सिलरेटर आधीच सोडलाय, कापायला ताकद आहे कुठे?

माझं कणकवलीजवळ गॅरेज आहे. टेम्पो, पिकअप, कधी एखादी कार. गेम मुलाचा, तो पुण्याला शिकायला गेला आणि मशीन इकडे राहिलं. रात्री शटर अर्धं ओढून तासभर खेळतो. बायकोला वाटतं हिशेब लिहितो.

भाट्याच्या वाऱ्या, आकडा एक नाय चुकलेला, सगळे चुकलेत. पण खरा सांगू? मेल्या, गाडी नाय घसरत, तू घसरवतंस.

रिकामा पिकअप घेऊन पावसात फोंडा घाट उतरलायस कधी? वळणात मध्येच पाय उचलला की मागचं बूड कसं हलकं होतं, ते ढुंगणाला कळतं, डोळ्याला नंतर. पाय उचलला की इंजिन गाडीला धरतं, वजन पुढच्या चाकांवर येतं. पुढच्या टायरना पकड वाढते, मागच्यांची कमी होते, आणि वळण तर चालूच आहे. मग मागचं टोक बाहेर जाणार नाय तर कुठे जाणार? पिकअपमध्ये तरी मागे वजनच नसतं म्हणून तसं होतं. तुझ्या एनएसएक्सचं इंजिन शिटांच्या मागे आडवं बसवलेलं. साधारण ५८ टक्के वजन मागच्या चाकांवर. म्हणजे मागे पकड भरपूर, पण एकदा सुटली की जडपणामुळे थांबायचं नाव नाय.

त्यात आणखी एक. खांद्यावर कावड घेऊन गर्रकन वळून बघ. दोन्ही टोकांना हंडे लोंबतायत, वळायला उशीर, आणि वळल्यावर थांबायलाही उशीर. तेच हंडे पोटाशी धरलेस की चटकन वळशील. मधोमध इंजिनवाली गाडी म्हणजे पोटाशी धरलेले हंडे. वळते झक्कास, पण फिरायला लागली तरी तेवढीच चटकन फिरते. तुझा अंगठा उलटं स्टिअरिंग मारेपर्यंत ती अर्धी वळून झालेली असते. जीटी-आर घेऊन हा प्रश्न सुटेल, पण मग एनएसएक्स चालवायची मजा पण जाईल. आयर्टन सेनाने ही गाडी तयार होत असताना सुझुकालाच चालवून बघितली होती. त्याच ट्रॅकवर तू नारळासाठी रडतोयस!

आता उपाय. सगळ्यात आधी सेटिंग शीट नवीन घे आणि सगळं मूळ आकड्यांवर आण. नंतर अख्खी संध्याकाळ कायपण बदलू नको. फक्त एवढंच कर: ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असतानाच मारून टाक. वळणात शिरताना आर२ (ॲक्सिलरेटरचं बटण) पूर्ण सोडायचा नाय, चतुर्थांश दाबलेला ठेवायचा. वेग जास्त वाटला तर अर्ध्यावरून चतुर्थांशावर ये, शून्यावर नको. आमचे जुने एसटीवाले घाटात हेच करायचे, गिअर आधी, ब्रेक आधी, वळणात नुसतं वाहून न्यायचं.

मग एकेक आकडा. आधी अँटी-रोल बार. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते, बाहेरच्या टायरवर वजन जातं, आतलं हलकं होतं. टायरचा एक स्वभाव असतो: वजन दुप्पट केलं म्हणून पकड दुप्पट होत नाय, थोडी कमीच वाढते. म्हणजे एका टायरवर जास्त बोजा टाकलास की दोघांची मिळून पकड घटते. जिथला बार कडक, तिथला बोजा जास्त सरकतो, तिथली पकड कमी. तू मागचा १० केलास! मागची पकड स्वतःच्या हाताने विकून टाकलीस. पुढे ५, मागे ४ पासून सुरू कर. बूड अजून सुटत असेल तर मागचा एक घर कमी, पुढून ओढत असेल, म्हणजे नाक वळायलाच मागत नसेल, तर पुढचा कमी.

स्प्रिंगांचं पण तेच. गेममध्ये स्प्रिंग किलोत नाय, हर्ट्झमध्ये देतात. म्हणजे गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली झुलेल. घरगुती गाड्या एक ते दीडच्या आसपास झुलतात. ह्या आकड्यात वजनाचा हिशेब आधीच झालेला असतो, म्हणून पुढचा आणि मागचा आकडा सरळ एकमेकांशी ताडून बघता येतो. दोन्ही जवळपास ठेव. व्हिडिओवाल्याचा कडकपणा रेसिंग टायरसाठी असेल, स्पोर्ट्स हार्डला ते नुसतं उड्या मारायला लावतं. आणि गाडी जमिनीला टेकवू नको रे. शेवटच्या शिकेनच्या (नागमोडी वळणाच्या) कडेच्या उंचवट्यावर तळ आपटला की चारही टायर हवेत, मग सेटिंग कुणाला सांगतोस?

दशांश_चिन्ह

शटरदादांचं बहुतेक पटलं, पण मी क्रम उलटा लावीन. वाऱ्याच्या यादीत सगळ्यात घातक आहे मागचा टो-आउट. अँटी-रोल बार नंतर बघा. मागची चाकं बाहेरच्या बाजूला बघत असतील तर गाडीला सरळ राहायचीच इच्छा नसते, वळणात तर विचारूच नका. मागे टो-इन (तोंडं आतल्या बाजूला) ०.२० करा, पुढे शून्य. एवढ्या एका बदलाने निम्मं दुखणं जाईल.

दुसरं डिफरन्शियल. तिन्ही आकडे ५ म्हणजे जवळजवळ उघडाच सोडलाय. यातला ब्रेकिंग सेन्सिटिव्हिटी हा आकडा तुमच्या तक्रारीचं थेट औषध आहे, कारण तो ॲक्सिलरेटर सोडल्यावर काम करतो. दोन्ही मागच्या चाकांना एकमेकांशी बांधून ठेवतो, त्यामुळे सोडल्यावर गाडी फिरायला नाखूश होते. ३० पासून बघा. फार वाढवलात तर हेअरपिनला पुढून ओढेल, तेव्हा २५. ॲक्सिलरेशनचा २० पुरे, इनिशियल १०.

कॅम्बर ४ कशाला? सरळ रस्त्यावर टायर आतल्या कडेवर उभा राहतो, ब्रेक लांबतात. मी पुढे २, मागे दीड ठेवतो. पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी बदलणारा ब्रेक बॅलन्स कंट्रोलर गेममध्ये विकत घेतला असेल तर तो एक-दोन घरं पुढच्या चाकांकडे सरकवा, डेग्नरच्या दुसऱ्या वळणाला उपयोग होईल, तिथे ब्रेक दाबत दाबतच वळावं लागतं.

डावीकडे ओढण्याचं मात्र टोशी काही नातं नाही. गेममध्ये डावी-उजवी चाकं वेगळी लावता येत नाहीत, दोन्हींना एकच आकडा. मग गाडी एकाच बाजूला ओढेल कशी? गाडी स्टार्टच्या रेषेवर उभी करा, कॉकपिटमधून बघा, कंट्रोलर जमिनीवर ठेवा. स्टिअरिंग आपोआप हलतंय का ते कळवा.

भाट्याचा_वारा

सहा दिवस उत्तर दिलं नाही, कारण दोन दिवस लाईट नव्हती आणि पुढचे दोन दिवस नेट नव्हतं. आंब्याची फांदी तारेवर.

आधी शेवटचं सांगतो. कंट्रोलर फरशीवर ठेवला, आणि पडद्यावरचं स्टिअरिंग बोटभर डावीकडे! मी टोचे आकडे खालीवर करत बसलो होतो आणि डावी स्टिकच वाकडी. खारा वारा, दमट हवा, तीन पावसाळे झालेत त्याला. तरी स्टिक उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, थोडा फरक पडला, पूर्ण नाही. शेवटी शेजारच्या पोराचा कंट्रोलर आणलाय, बदल्यात त्याला रोज अर्धा तास खेळू द्यायचंय.

शटरकाका (दादा म्हणणार होतो, पण मुलगा कॉलेजात म्हणजे काकाच), पहिली संध्याकाळ तुम्ही म्हणालात तशीच घालवली. काही बदललं नाही, नुसतं बोट आवरलं. आर२ चतुर्थांशावर ठेवणं कागदावर सोपं आहे. घाबरलं की बोट आपोआप सुटतं. मग एक युक्ती केली, डेग्नर यायच्या आधीच मोठ्याने ‘सोडू नको’ म्हणायचं. आई आतून म्हणाली, काय सोडू नको? त्या रात्री २:२९.

दुसऱ्या दिवशी टो-इन ०.२० आणि डिफरन्शियल ३०. दशांशभाऊ, हे औषध जबरदस्त आहे, १३०आर ला पहिल्यांदा डोळे उघडे होते. पण हेअरपिनला खरंच पुढून ओढायला लागली, म्हणून २६ वर आणला. मग बार ५ आणि ४, कॅम्बर तुम्ही दिलात तसा, गाडी थोडी वर उचलली. काल रात्री २:२७ आणि वर चार दशांश. स्पूनमध्ये मात्र अजून गडबड होते. दुसऱ्या अर्ध्यात बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की मागची चाकं फिरतात, पण ती आता हळूहळू, सांगून फिरतात. आधीसारखी पाठीत सुरा खुपसत नाहीत.

भाऊ २:२६ च्या आसपास असतो.

दशांश_चिन्ह

स्पूनच्या बाहेर लवकर पूर्ण दाबताय. ॲक्सिलरेशनचा आकडा २० वरून १५ करून बघा. आणि दुसरं वळण थोडं उशिरा कापा, बाहेर पडताना पुढे लांब सरळ रस्ता आहे, तिथे मिळालेला वेग १३०आर पर्यंत पुरतो. आत वाचवलेला एक दशांश बाहेर चार खातो.

रात्रीचा_टर्बो

मी पण काल एनएसएक्स घेतली. डेग्नरला गेलो. ट्रॅक्शन कंट्रोल ५ होतं. वाळूत आहे.

शटर_अर्धं

टर्बो, तुका सांगितलंला.

भाट्याच्या वाऱ्या, बरा झाला. आता एक सेकंद राहिला, तो आकड्यात शोधू नको. रोज दहा लॅप मार, जास्त नको, अकराव्या लॅपला माणूस खोटं बोलायला लागतो. आणि तो जुनो कंट्रोलर टाकू नको.

भावाक दी.

भाट्याचा_वारा

काका, त्याला नवीन कव्हर पण घातलंय.