मदत हवी आहे: नदीकाठचे जुने वाळूचे ढीग, मधली डबकी आणि परवानगी

नमस्कार मंडळी. आमचं रान शहागडच्या खालच्या अंगाला, गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठी (आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात). फार पूर्वी एका ठेकेदाराने बोटी लावून पात्रातली वाळू उपसली, चांगली तेवढी चाळून नेली आणि उरलेले गोटे, चाळ, गाळ आमच्या रानात टाकून गेला. त्या ढिगांत अजून बरीच वाळू आहे. सातबाऱ्यावर तेवढा तुकडा पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य. ढिगांमधल्या खड्ड्यांत बारमाही पाणी राहतं, पाणकणीस माजलंय, हिवाळ्यात बदकं उतरतात. वडिलांचं म्हणणं, ढीग चाळून वाळू विकू, त्याच पैशात रान सपाट करू आणि मोसंबी लावू.

एक दलाल मागे लागलाय. म्हणतो, पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने काढली तर पर्यावरण मंजुरी लागत नाही, तसाच अर्ज टाका. केंद्राच्या २०१६ च्या अधिसूचनेत अशी सूट आहे हे खरं. २००६ ला जायकवाडीतून पाणी सोडलं तेव्हा आपल्याकडे पूर आलाच होता, हा त्या दलालाचा पुरावा! पण हे ढीग गंगेने आणलेले नाहीत, माणसाने टाकलेत, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. उद्या पंचनामा झाला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, शिवाय हायवा (वाळूचा डंपर) जप्त. दलाल तेव्हा फोनसुद्धा उचलणार नाही.

मग खरा रस्ता कोणता? जमीन आमची म्हणजे ढीगही आमचेच ना? आणि ती डबकी कायद्याने पाणथळ धरतात का, म्हणजे बुजवायला मनाई येते का? वडिलांना बुजवायची घाई आहे, मला ती बदकांमुळे थोडी ठेवावीशी वाटतात. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

प्रतिसाद, थडीकर:
दादा, दलालाला आधी वाटेला लावा. जमीन तुमची असली तरी खनिजावर हक्क सरकारचा, त्यामुळे चाळून विकायचं तर गौण खनिजाचा (वाळू, मुरूम वगैरे) परवाना आणि रॉयल्टी आलीच. क्षेत्र लहान म्हणून सुटका नाही. २०१२ च्या दीपक कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरखालच्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लावली. जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे लेखी विचारा, ढीग मानवनिर्मित आहेत हे अर्जातच स्पष्ट लिहा.

डबक्यांचं थोडं किचकट आहे. पाणथळ नियम, २०१७ मधून नदीचं पात्र वगळलंय, त्यामुळे गट पात्राच्या आत पडतो की बाहेर हे मोजणीत कळेल. बाहेर असेल तर राष्ट्रीय पाणथळ नकाशात नोंद आहे का बघा. त्यात २.२५ हेक्टरवरच्या जागा आहेत आणि त्यांना न्यायालयाचं संरक्षण आहे. नोंद नसली तरी निळ्या पूररेषेच्या (नदीलगतच्या पुराच्या पट्ट्याची सरकारने आखलेली हद्द) आत भराव टाकायचा नाही, म्हणून जलसंपदा विभागाकडून पूररेषेचा नकाशा आधी घ्या.

रान सपाट करताना गोटे खाली आणि गाळ वर. उलट केलंत तर मोसंबी जगणार नाही. खोल डबकं राहू द्या, उन्हाळ्यात विहिरीला आधार होईल.

धागाकर्ता:
आभार. मोजणीचा अर्ज उद्याच देतो. मोजणीदाराला पात्राची हद्द जुन्या नकाशावरून दाखवायला सांगू की आजच्या काठावरून? पुरानंतर काठ बराच सरकलाय.